चिमटा, फुंकर, टकटक

६ जानेवारी

चि. भोंग्यास,

आशीर्वाद शेवटी, आधी काम. तू गाडी घेऊन बाहेर होतास, म्हणून तुझ्या खोलीत खिडकीखाली अकरा डब्या ठेवून आले. उघडून किंचाळू नकोस. प्रत्येकीत एकेक भुंगेरा आहे आणि तो तुझ्यापेक्षा शांत आहे.

झालंय असं की आमच्या इमारतीला वाळवी लागली. कीटकांचा अभ्यास करणाऱ्या इमारतीला. आता दोन महिने फवारणी चालणार आणि आत राहील तो प्रत्येक किडा मरणार, मग ती वाळवी असो की माझा पाच वर्षांचा अभ्यास. मला तर जंगलातल्या केंद्रावर जायलाच हवं. तिथे फोन चालत नाही, आठवड्यातून दोनदा टपाल येतं. तेव्हा हे अकरा जण तुझ्या पदरात.

हे कुजक्या ओंडक्यात राहणारे भुंगेरे. अंगठ्याएवढे, काळे, बुटाला पॉलिश केल्यासारखे. डिवचलं की आवाज करतात, पण तोंडानं नाही. पाठीवरच्या टणक झाकणाखाली पंखांची घडी असते, तिच्यावर पोटाची वरची बाजू घासतात. नवा बूट करकरावा तसा ‘च्यूक’ ऐकू येतो. कशानं डिवचलं की किती वेळा च्यूक, एवढंच मला मोजायचं आहे. रोज चार वाजता प्रत्येकाला तीन गोष्टी करायच्या. चिमट्यानं कमरेशी धरून पाचपर्यंत मोजायचं. नळीतून एक फुंकर मारायची. डबीच्या झाकणावर पेन्सिलीनं तीनदा टकटक करायचं. आकडे तक्त्यात लिहायचे आणि तक्ता टपालात टाकायचा. मार्चअखेर तीन परीक्षकांसमोर हे मांडायचं आहे.

अण्णांना यात ओढू नकोस. दवाखाना बंद केल्यापासून आठ महिने ते जेमतेम बोलतायत, त्यात आणखी किडे नकोत. ते किती बोलले, काय बोलले, हे मात्र प्रत्येक पत्रात लिही. खरं सांगू, भुंगेऱ्यांपेक्षा मला त्यांचीच काळजी जास्त आहे. त्यांच्यासाठी माझ्याकडे तक्ता नाही, एवढंच.

आता आशीर्वाद.

ताई

१५ जानेवारी

ती. ताईस,

नमस्कार आहेच, पण रागही आहे. ‘उघडून किंचाळू नकोस’ असं लिहिलेलं तुझं पत्र मला चार दिवसांनी मिळालं. मी पहिल्याच दिवशी किंचाळून घेतलं होतं.

शिवाय चार वाजता माझ्या गाडीत एक निवृत्त मुख्याध्यापिका असतात. त्या मोटार शिकतायत आणि वळण आलं की डोळे मिटतात. त्यांना तशाच अवस्थेत रस्त्यात सोडून भुंगेऱ्याच्या कमरेला चिमटा लावायला घरी कसं यायचं, हे तू कळवलं नाहीस. पण तुझा भाऊ आहे मी. व्यवस्था केली आहे. तपशील विचारू नकोस, तक्ता सोबत आहे.

अण्णांचे कालच्या दिवसाचे शब्द: ‘हं’, ‘नको’, ‘दार लाव’. एकूण चार. दुपारी ते खाली दवाखान्याच्या खोलीत जाऊन बसतात आणि दार आतून लावून घेतात. चाळीस वर्षं माणसांचे दात काढले, माझ्या खुर्चीत कधी कोणी ओरडलं नाही असं छातीवर हात ठेवून सांगायचे, आणि एका दुपारी खुर्चीवर चादर टाकून वर आले ते आलेच. का, ते त्यांनी सांगितलं नाही, आणि माझी विचारायची छाती झाली नाही.

मी विचारणार तरी कुठल्या तोंडानं? त्या खुर्चीत त्यांनी मला कधी बसवलंच नाही. पाच वर्षांचा असताना मी दवाखान्याच्या उंबऱ्यावरच असा भोंगा पसरला की बाहेर बसलेले दोन पेशंट पळाले आणि मला जन्माचं नाव मिळालं. तेव्हापासून दाताच्या डॉक्टरांचा मुलगा शहराच्या दुसऱ्या टोकाला जाऊन दात दाखवतो. हे अण्णांना माहीत आहे की नाही, हे मला माहीत नाही.

भोंगा

२४ जानेवारी

चि. भोंग्यास,

तक्ता मिळाला. आकडे इतके सुरेख आहेत की तू माझा भाऊ असल्याची शंका आली. क्र. ७ चिमट्याला अकरा वेळा ओरडला, फुंकरीला तीन वेळा. असंच चालू ठेव.

पण एक विचारते. मी शेऱ्यांचा रकाना दिला नव्हता. तू समासात लिहिलंयस, ‘क्र. ४: डाव्या बाजूनं धरलेलं खपत नाही.’ पुढे, ‘क्र. ९: जबड्याची पुढची कड झिजली आहे. टणक लाकूड टाळावं.’ आणि, ‘क्र. ७: घाबरट, पण समजूतदार. आधी सांगितलं की ऐकतो.’

भोंग्या, तू आजवर कोणालाही काहीही आधी सांगितल्याचं मला आठवत नाही. ब्रेक दाबल्यावर ‘धरून बसा’ म्हणणारा माणूस तू. माझ्या मनात पाल चुकचुकते आहे. पण आकडे चांगले असताना शंका काढू नये, म्हणून गप्प बसते.

अण्णांचे चार शब्द वाचून जेवण गेलं नाही.

ताई

३ फेब्रुवारी

ती. ताईस,

सोबत दोन आठवड्यांचे तक्ते. आकडे थोडे उतरले आहेत. थंडी असेल. शेवटच्या चार दिवसांत सगळीकडे शून्य दिसेल, ती माझी नजरचूक नाही, शून्यच आहे. शेऱ्यांकडे लक्ष देऊ नकोस. मला छंद लागला आहे.

अण्णा काल साठ-सत्तर शब्द बोलले. त्यातले मला उद्देशून किती, ते विचारू नकोस.

मुख्याध्यापिकाबाईंनी वळणावर एक डोळा उघडा ठेवला. प्रगती आहे.

भोंगा

९ फेब्रुवारी

भोंग्या,

चि. वगैरे काही नाही.

अकरा भुंगेरे, तीन प्रकार, चार दिवस. एकशे बत्तीस शून्यं. मी मोजली. पाच वर्षांत माझा एकही भुंगेरा चिमट्यात गप्प बसलेला नाही, अगदी आजारी असला तरी. म्हणजे एक तर ते मेलेत, नाहीतर तू त्यांना हातही न लावता गाडीत बसून तक्ते भरतोयस. दुसरंच खरं असणार, कारण मेलेल्या भुंगेऱ्यासमोर ‘आज प्रसन्न’ असा शेरा कोणी लिहीत नाही.

लहानपणी तू माझ्या वहीतली गणितं उतरवायचास आणि उत्तराखालची माझी सहीसुद्धा उतरवायचास. तोच तू. मला आकडे नसले तरी चालतील, खोटे चालणार नाहीत. खरं काय ते लिही.

आणि अण्णा सत्तर शब्द बोलले, ते कोणाशी?

ताई

१४ फेब्रुवारी

ती. ताईस,

खरं लिहितो. शेवटपर्यंत वाच आणि मग ओरड.

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी चिमटा घेऊन क्र. ३ ला धरलं. त्यानं असा आवाज काढला की मी त्याला टाकलं आणि पलंगावर चढलो. दारात अण्णा उभे होते. ते म्हणाले, “असं धरतात होय?”

ताई, आठ महिन्यांतलं ते पहिलं पूर्ण वाक्य होतं. त्यांनी माझ्या हातातून चिमटा घेतला, दिव्याखाली उलटसुलट करून बघितला आणि म्हणाले, “कोणी दिला हा? टोकं जुळत नाहीत.” खाली जाऊन स्वतःचा घेऊन आले. सांग, मी तुझ्या आकड्यांकडे बघू की त्या वाक्यांकडे? डब्या त्याच संध्याकाळी दवाखान्यात गेल्या. मी फक्त तक्ते माझ्या अक्षरात उतरवत होतो. शेरेसुद्धा उतरवले, कारण गणिताखालची सही उतरवायची माझी सवय तुला माहीत आहेच.

आता शून्यांचं. पहिल्या आठवड्याचे आकडे अण्णांनी एकत्र बघितले आणि त्यांचं तोंड उतरलं. “अकरा वेळा ओरडला. माझ्या हातात.” मी म्हटलं, अहो, त्यांनी ओरडायचंच आहे. त्यांनी ऐकलं नाही. दुसऱ्या दिवसापासून वेगळंच सुरू झालं.

परवा मी मागच्या खिडकीतून बघितलं. अण्णांनी पांढरा कोट चढवला होता. खुर्चीवरची चादर निघाली होती. हत्यारांच्या ट्रेमध्ये अकरा डब्या ओळीनं. दिवा आधी भिंतीकडे, मग हळूहळू डबीकडे वळवला. चिमटा तळहातात धरून गरम केला. मग क्र. ७ ला म्हणाले, “आता जरा गार लागेल हं. काही नाही, काही नाही. घरी सगळे बरे? झालं. छान.” भुंगेऱ्याचे पाय त्यांच्या बोटावर टेकलेले आणि चिमटा असा, की धरलंय की नुसतं टेकवलंय हे त्यालाही कळू नये. पाचपर्यंत मोजलं. आवाज नाही. फुंकरीच्या आधी त्याला नळी दाखवली. टकटक करायच्या आधी म्हणाले, “दार वाजेल, दचकू नकोस.”

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. अण्णा आयुष्यभर बोलले ते तोंड उघडं ठेवून बसलेल्या माणसांशी. विचारायचे, आणि उत्तराची वाट न बघता पुढे जायचे. घरात आपण सगळे उत्तर देतो, म्हणून त्यांचं बोलणं खुंटतं. भुंगेरे उत्तर देत नाहीत.

ज्या दिवशी अकराच्या अकरा गप्प राहिले, त्या दिवशी ते शीळ घालत वर आले. अण्णा. शीळ.

आता ओरड.

भोंगा

२० फेब्रुवारी

ती. अण्णांस,

शिरसाष्टांग नमस्कार. भोंग्याकडून सगळं कळलं. तुम्ही माझ्यासाठी रोज इतका वेळ देताय, याचं मला फार बरं वाटलं.

एक अडचण मात्र सांगायला हवी. अण्णा, त्यांचं ओरडणं हाच माझा निकाल आहे. तुमची पद्धत पेशंटसाठी उत्तम आहे, पण मला भुंगेऱ्यांना आराम द्यायचा नाही, त्यांना डिवचायचं आहे. इजा होत नाही, मी वर्षानुवर्षं बघते आहे. तेव्हा यापुढे चिमटा गरम करू नये. फुंकरीआधी नळी दाखवू नये. आणि काम चालू असताना बोलू नये, कारण तुमच्या आवाजाचाही परिणाम होत असेल. एवढं पाळलं तर शेवटचा महिना तरी हाती लागेल. नाहीतर परीक्षकांना दाखवायला माझ्याकडे शून्यांखेरीज काही नाही.

तब्येतीला जपा.

तुमची ताई

२५ फेब्रुवारी

चि. ताईस,

अनेक आशीर्वाद. पत्र पोचलं. मुद्दा समजला आणि तो बरोबर आहे.

डब्या भोंग्याच्या खोलीत परत ठेवल्या आहेत. मला हे जमणार नाही. दुसऱ्याला दुखवून आवाज काढायचा कसा, हे मी शिकलो नाही, चाळीस वर्षं उलटंच शिकलो. शेवटी एक आवाज माझ्या हातून निघाला. समोरच्या शिवणकामवाल्या बाईंची साधी दाढ साफ करत होतो आणि त्या ओरडल्या. हात थरथरला असणार. वय झालं की हात आधी थरथरतो आणि आपल्याला मागून कळतं. त्याच दिवशी खुर्चीवर चादर टाकली.

तुझे भुंगेरे गप्प राहायला लागले तेव्हा वाटलं, हात अजून शाबूत आहे. त्या नादात तुझं नुकसान झालं. मला आधीच विचारायला हवं होतं.

क्र. ७ ला खिडकीच्या उन्हात ठेवू नये.

अण्णा

१ मार्च

ती. ताईस,

काय लिहिलंस तू अण्णांना? ‘बोलू नये’? आठ महिन्यांनी माणूस बोलायला लागला आणि तू त्याला लेखी मनाई पाठवलीस. डॉक्टरेट मिळाली नाही तरी चालेल, पण कधीतरी वाक्य टपालात टाकण्याआधी वाचत जा. कालचे शब्द: शून्य. हेही तक्त्यात घाल.

आता ऐक. अण्णांचं पत्र त्यांनी मला वाचायला दिलं होतं, पाकीट बंद करण्याआधी. त्यातलं ‘हात थरथरला असणार’ वाचून मी तडक समोर काकूंकडे गेलो. काकू गाल धरून मशीनवर बसल्या होत्या. म्हणाल्या, “अरे, अण्णांचा आवाज बंद का झाला? महिनाभर खिडकीतून ऐकत होते, ‘झालं, छान, झालं, छान’. म्हटलं दवाखाना उघडला, आता माझी दाढ घेऊन जावं. दहा महिने दुखतीय.”

मी म्हटलं, काकू, मग दहा महिने आला का नाहीत?

काकू लाल झाल्या. “कुठल्या तोंडानं येऊ? मी ओरडले आणि त्यांनी दवाखानाच बंद केला.”

“इतकं दुखलं होतं?”

“दुखतंय कुठलं? त्यांचा हात म्हणजे लोणी. अरे, माझ्या खांद्याला टाचण्या लावायची सवय. त्या दिवशी काढायच्या राहिल्या. खुर्ची मागे केली आणि अख्खी टाचणी पाठीत. मी ओरडले. तोंडात त्यांचा आरसा, सांगता येईना. आणि नंतर लाज वाटली. तीस वर्षं शिवतीय, आणि स्वतःच्याच टाचणीनं टोचून घेतलं असं कोणाला सांगू?”

मी धावत घरी आलो आणि अण्णांना सगळं सांगितलं. मला वाटलं ते आनंदानं उठतील. त्यांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, “बाई भल्या आहेत.” त्यांना वाटतंय, काकूंनी त्यांचं मन राखायला ही टाचणी शोधून काढली. बाईंना बोलावून शपथ घ्यायला लावली तर म्हणतील, आणखी भल्या आहेत.

भुंगेऱ्यांचं काम आता मीच करतो. सकाळी मोटार, दुपारी चिमटा, माझ्या नशिबी ओरडणारेच लिहिले आहेत. परवा क्र. ७ माझ्या हातात तेरा वेळा ओरडला. अण्णांना ऐकू गेलं. ते आले, एक शब्द न बोलता माझ्या हातातून चिमट्यासकट त्याला घेतलं. तो गप्प. परत माझ्या हातात दिला. पुन्हा सुरू. त्यांनी माझ्याकडे जे बघितलं ना, ते मला तेहतीस वर्षांपूर्वी उंबऱ्यावरून उचलताना बघितलं होतं तसंच.

भोंगा

५ मार्च

चि. भोंग्यास,

तुझ्या शिव्या पोचल्या. पोटभर खाल्ल्या. मला त्या हव्याच होत्या. सोबत अण्णांना वेगळं पत्र आहे, त्यात फक्त माफी आहे आणि ‘बोलावं’ असं दोनदा लिहिलं आहे.

आता क्र. ७ बद्दल तू शेवटी लिहिलंस ते. मी ते दहा वेळा वाचलं आणि केंद्रावरच्या आचाऱ्यालाही वाचून दाखवलं. तोच भुंगेरा, तोच चिमटा, तीच दुपार. तुझ्या हातात तेरा, अण्णांच्या हातात शून्य. मी पाच वर्षं विचारत बसले की काय केलं म्हणजे हे ओरडतात. कोण करतंय हे विचारलंच नाही, कारण प्रत्येक वेळी चिमटा धरायला मीच होते. हाताची ऊब आहे, सवय आहे की आणखी काही, मला अजून माहीत नाही. पण शून्यं वाया गेलेली नाहीत. यापुढे रोज आधी तू, मग अण्णा. तू जसा आहेस तसाच राहा. प्रयोगाला तुझ्यासारखा माणूस मुद्दाम शोधून सापडला नसता.

आणि टाचणीचं. आवाज ऐकला आणि कारण स्वतःच्या हाताला लावून अण्णा मोकळे झाले. माझ्या विद्यार्थ्यानं असं केलं असतं तर मी वही फेकून दिली असती. पण त्यांना सांगून पटणार नाही. त्यांना हातात नमुना द्यावा लागेल, भुंगेऱ्यापेक्षा मोठा.

भोंग्या, तू वर्षभर डाव्या बाजूनं चावत नाहीस. मी डब्या ठेवायला आले त्याच्या आदल्या खेपेला तू बिस्कीटसुद्धा चहात बुडवून उजवीकडे सरकवत होतास. दुसऱ्या टोकाच्या डॉक्टरांकडे जाऊ नकोस. एक जिना उतर.

ताई

१६ मार्च

ती. ताईस,

तुला लगेच उत्तर दिलं नाही, कारण तुझ्या पत्रातली शेवटची ओळ वाचून मी चार दिवस उजव्या बाजूनंही जेवलो नाही.

पाचव्या दिवशी अण्णा क्र. ४ शी बोलत होते. हो, बोलतायत, तुझं माफीचं पत्र ट्रेखाली ठेवलं आहे. मी उंबऱ्यावर उभा राहिलो आणि म्हटलं, “अण्णा, माझी दाढ दुखते.”

त्यांनी डबीचं झाकण लावलं. मग म्हणाले, “तुझे डॉक्टर काय म्हणतात?”

म्हणजे त्यांना माहीत होतं, ताई. तेहतीस वर्षं.

मी म्हटलं, माझे डॉक्टर तुम्ही. हे वाक्य मी गाडीत पाठ केलं होतं. ते म्हणाले, “हात थरथरला तर?” मी म्हटलं, मी आहेच ओरडायला, लगेच कळेल.

त्यांनी औषधं, सुया नव्या मागवल्या. काल मी खुर्चीत बसलो. आधी त्यांनी माझे खांदे तपासले, टाचण्या आहेत का म्हणून. मी हसलो, तेही हसले, आणि मग सुई दिसली. सुई हिरडीत गेली तेव्हा मला आपली वर गेलेली आई दिसली. ते पूर्ण वेळ बोलत होते. ताई कशी आहे, मुख्याध्यापिका दोन्ही डोळे उघडे ठेवतात का, क्र. ९ कसा मऊ लाकूड खायला लागलाय. एकाही प्रश्नाला उत्तर द्यायची सोय नव्हती. जन्मात पहिल्यांदा आम्हा दोघांच्या इतक्या गप्पा झाल्या.

दाढ निघाली. तीन मुळं, त्यातलं एक आकड्यासारखं वाकडं. मी आवाज काढला नाही. एकही नाही. अण्णांनी ती दाढ दिव्याखाली धरली आणि नंतर स्वतःचा हात धरला, पंजा उघडून, बराच वेळ. स्थिर होता. शपथेवर सांगतो, दगडासारखा.

आता खालचं वाच आणि पत्र फाडून टाक. दुखलं, ताई. हाताचा दोष नाही, त्या वाकड्या मुळाचा आणि माझ्या भित्रेपणाचा. दोनदा भोंगा अगदी ओठाशी आला होता. दोनदा गिळला. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात, मी तोंड उघडं ठेवून खाल्ला. अण्णांना हे कधीही कळता कामा नये. त्यांच्यासाठी ते शून्यच आहे आणि शून्यच राहू दे.

शब्द मोजायचं सोडून दिलं आहे. कालपासून ते थांबतच नाहीत, आणि माझा गाल सुजल्यामुळे मला उत्तर देता येत नाही.

भोंगा

१८ मार्च

चि. ताईस,

अनेक आशीर्वाद. शेवटचे तक्ते सोबत आहेत. एका रकान्यात भोंग्याचे आकडे, दुसऱ्यात माझे. त्याचे दहाच्या खाली जात नाहीत. अकराही जण खुशाल आहेत, तुझी इमारत तयार झाली की घेऊन जा. क्र. ७ राहिला तर माझी हरकत नाही.

तक्त्याच्या तळाशी एक ओळ मी जास्तीची लिहिली आहे. ‘क्र. १२. मुलगा, वय अडतीस. डावी दाढ. आवाज: शून्य.’ परीक्षकांना दाखवायची नाही. तुझ्यासाठी आहे.

आता एक गोष्ट सांगतो, ती तुझ्याजवळ ठेव. लोकांना वाटतं, दाताचा डॉक्टर तोंडात बघतो. तोंडात काय, दात असतात. मी चाळीस वर्षं खुर्चीच्या हातांकडे बघत आलो. माणूस तोंड मिटून धरेल, पण पकड लपवता येत नाही. बोटं सैल असली म्हणजे मी पुढे जातो, आवळली की थांबतो. त्या बाई ओरडल्या त्या दिवशी मी फक्त आवाज ऐकला, हातांकडे बघायचंच विसरलो. बघितलं असतं तर कळलं असतं की त्यांचे हात पाठीकडे जातायत. एवढ्या चुकीसाठी मी आठ महिने गप्प बसलो.

भोंग्याचे हात मात्र मी बघितले. दोनदा थांबलो, दोनदा त्यानंच मान हलवून पुढे जा म्हटलं. खुर्चीच्या उजव्या हातावरच्या रेक्झिनला चार भोकं पडली आहेत, चार नखांची. जे पोर उंबऱ्यावरून आत आलं नव्हतं, ते आत येऊन बसलं आणि माझ्यासाठी गप्प राहिलं. त्याला वाटतंय मला कळलं नाही. त्याला तसंच वाटू दे. नोंद शून्य म्हणूनच ठेव.

शनिवारी समोरच्या बाईंना बोलावलं आहे. टाचण्या घरी ठेवून या, असा निरोप दिला आहे.

काल खुर्चीला तेल घालायला माणूस आला होता. रेक्झिन फाटलंय, बदलून देऊ का म्हणत होता. मी म्हटलं, राहू दे.

अण्णा